टाच टेकेल त्या वाटेने : राजगड आणि तोरणा

पहिला दिवस : पुणे ते पाल

राजगडावर जाण्यासाठी गुंजवण्याहून चोर दरवाज्याने चढणारी वाट आणि पाल गावातून पाली दरवाज्याने चढणारी वाट या दोन वाटा सर्वाधिक वापरात आहेत. पुण्याहून येणारी तरुण मंडळी बहुधा पहिलीच धरतात, कारण ती रानातून जाते आणि शेवटी कातळात रेलिंगला धरून चढण्याची मौज देते. आम्ही पालची वाट ठरवली, आणि त्याचे कारण माझा उजवा घोटा होता. चोर दरवाज्याखालचा कातळ मला अडवत नाही. अडवते ती त्याआधीची मातीची उभी चढण. पाऊल जमिनीवर सपाट ठेवून गुडघा पुढे नेला की इतरांची नडगी पावलावर झुकते, तशी माझी उजवी नडगी झुकत नाही, त्यामुळे तिरक्या जमिनीवर टाच अधांतरी राहते आणि सगळा भार चवड्यावर येतो. पायरीवर मात्र अख्खे पाऊल सपाट बसते. पालच्या वाटेला वरच्या टप्प्यात पायऱ्या आहेत, म्हणून ती वाट लांब असली तरी माझ्या हिशेबात जवळची.

मी उजवे पाऊल आत वळलेले घेऊनच जन्मले. वैद्यकात या दोषाला क्लबफूट म्हणतात. पावलाची कमान नको इतकी खोल, पुढचा भाग आत वळलेला, टाच आतल्या बाजूला कललेली आणि टाचेमागची शीर आखूड असल्याने टाच वर ओढली गेलेली, अशा चार गोष्टी त्यात एकत्र येतात. हजारात साधारण एका बाळाला हा दोष असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे दुप्पट आढळतो, आणि जवळजवळ निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात. बहुतेकांच्या बाबतीत निश्चित कारण सांगता येत नाही, मात्र काही घराण्यांत तो पुन्हा पुन्हा दिसतो. आमच्या घरात कारण शोधण्याचे काम आजीने एका दिवसात उरकले होते : आईने ग्रहणात विळीवर काहीतरी चिरले. आई शेवटपर्यंत सांगत राहिली की त्या ग्रहणात ती दिवसभर अंथरुणावर पडून होती, परंतु तिचे म्हणणे कुणी मनावर घेतल्याचे मला आठवत नाही.

बत्तीस वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीला, जिला आम्ही अक्का म्हणतो, मुलगा झाला आणि त्याचेही उजवे पाऊल तसेच निघाले, तेव्हा ग्रहणाचा विषय निघण्याआधीच आईने सगळ्यांना तंबी दिली. तो भाचा आता अकरा वर्षांचा आहे. या सहलीत आम्ही दोघे, अक्का आणि भावोजी असे चौघे होतो, आणि पालहून एक वाटाडे सोबत येणार होते. नाताळाच्या सुट्टीत निघायचे ठरले. एका घोट्यावर चाळीस वर्षांपूर्वीचे उपचार झालेले आणि दुसऱ्यावर आजचे, हे दोन घोटे एकाच वाटेवर शेजारी शेजारी चालणार होते, आणि मला या सहलीची ओढ होती ती मुख्यतः याचसाठी, हे मी भावोजींना सांगितले नाही. त्यांच्या लेखी ही केवळ किल्ल्यांची सहल होती.

सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून आत मार्गासनी आणि पुढे वाजेघरवरून पाल, असा प्रवास दुपारीच संपला. भाताची कापणी केव्हाच झालेली असल्याने खाचरांत नुसते खुंट उरले होते आणि त्यांच्यामागे राजगडाची लांबलचक धार उभी होती. ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी तांदळाची भाकरी, पिठले आणि लसणाचा ठेचा वाढला. जमिनीवर मांडी घालून बसणे मला जमते. जमत नाही ते उकिडवे बसणे, कारण त्यासाठी घोटा पुरता वाकावा लागतो आणि माझी उजवी टाच वर उचलली जाऊन मी मागे कलंडते. खेड्यातल्या मुक्कामात हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत नव्हे, शौचालयात उभा राहतो. दाराच्या आतल्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला धरता येते का, हे मी कोणत्याही मुक्कामी पोहोचताच पाहून घेते. हे लिहिणे कुणाला अप्रशस्त वाटेल, परंतु असे पाय घेऊन वाढणाऱ्या मुलींच्या आयांना शाळेच्या सहलीआधी पडणारा पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याचे उत्तर त्यांना कुठे लिहिलेले सापडत नाही.

संध्याकाळी बुटांची तयारी केली. माझे उजवे पाऊल डाव्याहून दोन नंबरांनी लहान आहे आणि पोटरीही बारीक आहे. उपचार कितीही चांगले झाले तरी एका बाजूच्या क्लबफूटमध्ये पाऊल आणि पोटरी थोडी लहान राहतेच. त्यामुळे डोंगरासाठी मी एकाच बनावटीचे दोन जोड विकत घेते आणि त्यातून एक जोड घडवते. उजव्या बुटात टाचेखाली कॉर्कची उतरती पाचर घालते. टाच मुळातच उंचावलेली असली की चढावर घोट्याला तेवढे कमी वाकावे लागते, एवढे साधे गणित त्यामागे आहे. उतारावर मात्र तीच पाचर पाऊल पुढे ढकलते, म्हणून माथ्यावर पोहोचल्यावर ती काढून खिशात ठेवायची आणि नाड्या पुन्हा घट्ट आवळायच्या. भाच्याने हे सगळे शेजारी बसून पाहिले. त्याचे दोन्ही बूट एकाच जोडातले होते, उजव्यात फक्त एक जादा सुखतळा होता.

दुसरा दिवस : पाल, राजगड आणि तोरण्याकडची धार

पहाटे उजाडण्याआधी निघालो. गावामागची सुरुवातीची चाल मातीच्या पायवाटेची आहे आणि ती मी नागमोडी चालून काढली : सरळ वर न जाता डावीकडे तिरके, मग उजवीकडे तिरके. यात अंतर वाढते, पण चढाचा कोन निम्मा होतो आणि टाच जमिनीला लागते. वाटाडे मामांना ते आधी उमजेना. त्यांनी मला वाट चुकली असे समजून दोनदा हाक मारली. मग थोडा वेळ माझ्या पावलांकडे पाहत ते मागून चालले आणि म्हणाले, "भरलेली बैलगाडी घाटात अशीच चढवायची बघा." त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही.

पायऱ्या लागल्यावर माझा वेग इतरांच्या बरोबरीला आला. पाली दरवाजा हा राजगडाचा राजमार्ग. एकापाठोपाठ दोन दरवाजे, रुंद प्रशस्त बांधणी, आणि माणसाच्या सहज पावलाला मानवेल अशी चढण. मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा किल्ला बांधून घेऊन शिवाजी महाराजांनी इथे जवळजवळ पाव शतक राजधानी ठेवली, आणि रायगडाला राजधानी हलेपर्यंत स्वराज्याचा कारभार इथूनच चालला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत राजगड आहे. भाच्याला ही यादी तोंडपाठ होती आणि तोरणा तिच्यात नसल्याबद्दल त्याची तक्रारही होती.

पद्मावती माचीवर तळ्याकाठी न्याहारी केली, सईबाईंच्या समाधीपाशी थांबलो आणि बालेकिल्ल्याकडे निघालो. इथे भावोजींनी मला खाली थांबण्याचा सल्ला दिला. सल्ला प्रेमाचाच होता. बालेकिल्ल्याची चढण खालून पाहिली तर छाती दडपते : कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्या, बाजूला रेलिंग, पाठीशी दरी. परंतु भीतिदायक वाट आणि माझ्यासाठी अवघड वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे लोकांना समजावणे मला आयुष्यभर जमलेले नाही. कातळातल्या खोबणीत पाऊल सपाट बसते, हातांना आधार असतो, अर्धे काम खांदे करतात. याउलट वाळलेल्या गवताचा जो साधा तिरका उतार लहान मुले पळत उतरतात, तिथे मला घाम फुटतो. मी बालेकिल्ला चढले. महादरवाज्यातून आत गेल्यावर भाच्याने खाली वाकून वडिलांना हाक दिली, "बाबा, मावशी आली, तुम्ही कुठे?"

शाळेतही हाच घोळ होता. कवायतीच्या तासाला मला वर्गातल्या मुलींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखायला बसवत. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. पाय वाकडा म्हणजे मुलगी पडणार, एवढाच त्यांचा समज. आईने शाळेत जाऊन भांडण केले नाही. तिने एक यादी केली आणि शिक्षकांच्या हाती दिली : ही मुलगी सायकल चालवते, विहिरीत पोहते, झाडावर चढते, लंगडी घालते; हिला उकिडवे बसता येत नाही आणि एका पायावर, म्हणजे उजव्या, उडी मारता येत नाही. बाकी काय द्यायचे ते द्या. खो-खोमध्ये पाटीवर उकिडवे बसावे लागते, त्यामुळे पाठलागाच्या वेळी मी गुडघा टेकून बसत असे आणि उठायला क्षणभर उशीर होई. पळतीच्या वेळी मात्र मला मध्ये घेत, कारण डाव्या पायावर गर्रकन वळणे मला इतरांपेक्षा चांगले जमत असे. समोरच्या संघाला ते कळेपर्यंत बराच वेळ जाई. लंगडीत तर कुणी माझ्या वाट्याला जात नसे, कारण लहानपणापासून दुप्पट काम केलेला माझा डावा पाय थकतच नसे. आईची ती यादी मी आजही अक्काला आदर्श म्हणून दाखवते : तिच्यात कौतुक नव्हते, काळजी नव्हती, फक्त काय जमते आणि काय जमत नाही याची नोंद होती.

बालेकिल्ल्यावरून उतरून संजीवनी माचीची वाट धरली. तीन टप्प्यांत उतरत गेलेली ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे आणि तिची दुहेरी, चिलखती तटबंदी पाहण्यासाठी पुन्हा यावे अशी आहे. चालण्याच्या दृष्टीने ती सपाट म्हणायची, पण सुटे दगड, उंचसखल खडक आणि मध्येच वाळलेले गवत असल्याने लक्ष सतत जमिनीवर ठेवावे लागते. माझे पाऊल बाजूलाही फारसे वळत नाही. निरोगी पाऊल दगडाच्या तिरकेपणाप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. माझे पाऊल लाकडी ठोकळ्यासारखे दगडावर पडते आणि तो तिरकेपणा गुडघ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. म्हणून पाय ठेवायचा दगड मी दोन पावले आधी निवडते. याची इतकी सवय झाली आहे की शहरातल्या फूटपाथवरही माझे डोळे तेच करतात.

अळू दरवाज्यातून बाहेर पडल्यावर तोरण्याकडे जाणारी डोंगरधार सुरू होते, आणि सुरुवातीचा उतार हा या दिवसाचा खरा कस होता. मुरमाचा घसारा, त्यावर पिवळे गवत, धरायला कारवीच्या काटक्या. मामांनी हात पुढे केला. मी तो घेतला नाही, कारण ओढणारा हात तोल सावरण्याऐवजी घालवतो. त्यांना मी एक पाऊल खाली आणि किंचित उजवीकडे चालायला सांगितले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात काठी. पावले उताराला आडवी ठेवायची, डावे खाली, उजवे त्याच्या मागे जुळवायचे, पुन्हा डावे खाली. या चालीला वेळ लागतो आणि डाव्या गुडघ्याचा पिट्टा पडतो, पण घसरत नाही. मागून येणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा एक जथा आम्हाला ओलांडून गेला आणि त्यातल्या एकीने मोठ्या आपुलकीने मला "किती प्रेरणादायी" असे म्हटले. मी तिला आभारादाखल मान हलवली. त्या क्षणी मला प्रेरणेपेक्षा तिच्या हातातली दुसरी काठी हवी होती.

इथेच मी भाच्याच्या मागे चालत असताना त्याचा घोटा नीट पाहिला. तो उतारावर सरळ समोर तोंड करून चालत होता. नडगी पावलावर झुकत होती, दगडावर पाऊल तिरके होत होते आणि पुढच्या पावलाला पुन्हा सरळ होत होते. खिंडीच्या अलीकडे त्याच्या बुटाची नाडी सुटली, तेव्हा तो वाटेच्या कडेला दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून उकिडवा बसला, नाडी बांधली आणि उठून पुढे गेला. त्याला यात विशेष काही वाटण्याचे कारण नव्हते. अक्काने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही दोघी काही बोललो नाही.

खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. धार पलीकडे तशीच तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत चढत जाते आणि बहुतेक जण एकाच दमात ती चालतात. आम्ही इथे थांबणार हे आधीच ठरले होते आणि ठरलेली जीप उभी होती. भाचा खट्टू झाला. त्याचे पाय चालायला तयार होते, थांबायचे कारण माझे होते, आणि ते त्याला स्पष्ट सांगितले. आडोसे घेण्यात अर्थ नसतो, मुलांना सगळे दिसते. जीपने वेल्ह्यात मुक्कामी गेलो.

तिसरा दिवस : वेल्हे

हा दिवस विश्रांतीचा. घोटा सुजला होता, अपेक्षेइतकाच. पाय उंचावर ठेवून अंगणात पडून राहणे आणि मध्ये मध्ये गार पाण्याच्या घड्या, एवढाच कार्यक्रम. भावोजी आणि भाचा गावात भटकून आले.

अक्काशी मात्र निवांत बोलणे झाले. माझा जन्म १९८२ चा. तेव्हा आमच्या गावाकडे आधी प्लॅस्टर आणि त्याने भागले नाही तर वर्षाच्या आसपास मोठी शस्त्रक्रिया, हीच रीत होती : टाचेच्या आतून मागपर्यंत छेद घेऊन आखडलेल्या शिरा आणि सांध्यांभोवतीचे पडदे मोकळे करायचे. पाऊल सरळ होते, दिसायला चांगले होते, आणि बहुतेक मुले चालू लागतात. परंतु आतल्या व्रणांमुळे सांधा वयाबरोबर ताठरत जातो. माझ्या घोट्यातल्या टॅलस या हाडाचा माथा गोल असायला हवा तो चपटा झाला आहे, म्हणून नडगी त्यावर सरकत नाही. त्या काळच्या शल्यचिकित्सकांनी त्यांना माहीत असलेले उत्तम तेच केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तपासणीसाठी मला नेत तेव्हा बाकावर थोराड मुले दिसत, ज्यांच्या पावलांत तारा आरपार घालून बाहेर धातूची चौकट बसवलेली असे. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली 'जेस' पद्धत ती. चौकटीवरच्या फिरक्या रोज थोड्या थोड्या फिरवून, शिरा हळूहळू ताणत पाऊल सरळ करायचे. ज्यांच्यावर लहानपणी उपचार झालेच नाहीत किंवा ज्यांचे पाऊल पुन्हा वळले अशांना तिचा मोठा आधार झाला. मला तेव्हा त्या चौकटींची विलक्षण भीती वाटे, आणि त्या मुलांना मात्र आपल्या फिरक्यांचा अभिमान असे.

गंमत अशी की भाच्यावर झालेला उपचार माझ्या जन्माआधीच अस्तित्वात होता. मिनोर्का बेटावर ३ जून १९१४ रोजी जन्मलेले डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर देश सोडून अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोहोचले, आणि शस्त्रक्रिया झालेली पावले मोठेपणी ताठर आणि दुखरी होतात हे पाहून त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेगळी पद्धत बसवली. १९६३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरीही जगाने तिच्याकडे तीसेक वर्षे पाठच फिरवली आणि १९९० नंतर, काही अंशी इंटरनेटवर एकमेकांना शोधणाऱ्या पालकांमुळे, ती सर्वत्र पोहोचली. आता पॉन्सेटींचा जन्मदिवस जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात.

पद्धत दिसायला अगदी साधी आहे. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टर हाताने पाऊल हलकेच ताणतात आणि मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून, प्लॅस्टर घालतात. दर आठवड्याला ते काढून पाऊल थोडे आणखी बाहेर वळवून नवे घालायचे, असे साधारण पाच ते सात वेळा. मग बहुतेक बाळांत टाचेमागची शीर एका बारीक छेदाने मोकळी करतात आणि शेवटचे प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात शीर लांब होऊन जुळते. खरी परीक्षा त्यानंतर असते. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रोज रात्री घालायचे. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हे बूट मध्येच सोडणे, हे आता सर्वमान्य आहे.

"बाळ रडायचा तेव्हा सासूबाई म्हणायच्या, एक रात्र काढून ठेव, काय होतंय," अक्का सांगत होती. "मी तुझा पाय आठवायचे आणि बूट चढवायचे." हे मला तिने याआधी कधी सांगितले नव्हते. दांडीमुळे त्याला रांगताना दोन्ही पाय एकदम उचलावे लागत, आणि त्यातून त्याने बेडकाची एक चाल शोधून काढली होती, ती आठवून आम्ही पुष्कळ हसलो.

दुपारी भाचा आला आणि त्याने मिया हॅमचा विषय काढला. हा विषय आमच्या घरात नेहमीचा. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघातून दोन विश्वचषक आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारी ही खेळाडू क्लबफूट घेऊन जन्मली होती. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्ण जिंकणारी क्रिस्टी यामागुची हीसुद्धा. भाचा फुटबॉल खेळतो, त्यामुळे त्याला हॅम आपली वाटते, आणि ते योग्यच आहे. माझे मात्र या उदाहरणांशी फारसे जमत नाही. मला ती ज्यांनी ज्यांनी सांगितली त्यांतल्या एकानेही घसाऱ्यावर पाऊल कसे ठेवायचे ते सांगितले नाही. सुवर्णपदक मिळाले नाही तर खेळण्याचा हक्क कमी होतो की काय, अशी शंका त्यातून येऊ लागते. अकरा वर्षांच्या मुलापुढे मी एवढे बोलले नाही. त्याला फक्त विचारले की खेळून झाल्यावर तुझा पाय दुखतो का. "कधी कधी पोटरी भरून येते," तो म्हणाला, "पण ती सगळ्यांचीच येते."

चौथा दिवस : तोरणा

तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, १,४०३ मीटर. त्याचे दुसरे नाव प्रचंडगड, आणि वेल्ह्यातून मान वर करून पाहिले की ते नाव पटते. शिवाजी महाराजांनी अगदी तरुणपणी, १६४६-४७ च्या सुमारास, तो घेतला. वेल्ह्याकडची वाट माझ्यासाठी पालच्या वाटेच्या नेमकी उलट आहे : बराचसा भाग उघड्या सोंडेवरून, मुरमाच्या उभ्या चढणीचा, आणि शेवटी कातळ व रेलिंग. म्हणजे अवघड ते आधी आणि सोपे ते नंतर.

या दिवशी भाचा पुढे आणि मी त्याच्या मागे, अशी रांग लावली. त्याला एक काम दिले होते : वाटेत जिथे पाऊल सपाट बसेल असा दगड दिसेल तिथे काठीने टकटक करायचे. पहिल्या टेकाडावर तो प्रत्येक दगडावर टकटक करत होता. दुसऱ्या टेकाडापर्यंत त्याची निवड सुधारली, आणि त्यानंतर त्याने दाखवलेला दगड बहुधा मी स्वतःही निवडला असता. स्वतःच्या पायाला गरज नसलेली नजर त्याने एका सकाळीत उचलली. सोंडेवरच्या दोन ठिकाणी नागमोडी चालायलाही जागा नव्हती; तिथे मी उताराकडे पाठ आणि दरीकडे खांदा करून, खेकड्याच्या चालीने आडवी चढले. मामा यावेळी न सांगताच योग्य बाजूला उभे राहत होते.

रेलिंग लागल्यावर श्वास मोकळा झाला. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा आणि मग मेंगाई देवीचे देऊळ. देवळाच्या सावलीत मी बूट सैल केले आणि इथून पुढे जाणार नाही असे जाहीर केले. भावोजी आणि भाचा बुधला माचीवर जाऊन आले, परवा चाललेली धार पलीकडून पाहिली, आणि राजगडावरून येणाऱ्या लोकांना लागणारी लोखंडी शिडीही दुरून पाहिली. मला तिथे जाण्याची इच्छा नव्हती असे नाही. परंतु माझ्या घोट्याला चढण्यापेक्षा उतरणे महाग पडते, आणि तोरण्याचा उतार त्या मुरमावरूनच होता. माथ्यावर पोहोचताना निम्म्याहून अधिक बळ शिल्लक असले पाहिजे, हा माझा जुना नियम आहे. माथा हे अर्धे अंतर आहे असे गिर्यारोहक म्हणतात, माझ्यासाठी ते जेमतेम तिसरा हिस्सा असते.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. पाचर खिशात, नाड्या आवळलेल्या, दोन्ही हातांत काठ्या. घोट्याच्या पुढच्या बाजूला हाडावर हाड टेकल्यासारखी ओळखीची कळ सुरू झाली तेव्हा दर वळणावर थांबत गेलो. शेवटच्या टेकाडावर भाच्याचा उजवा पाय किंचित आत पडू लागला असे अक्काला वाटले. मीही मागून पाहिले. थकल्यावर त्याचे पाऊल बाहेरच्या कडेवर थोडे जास्त टेकत होते, एवढे खरे. तिने मोबाइलवर त्याच्या चालीचे चित्रण करून ठेवले, वार्षिक तपासणीत डॉक्टरांना दाखवण्यासाठी. आठ-दहा वर्षांचे झाल्यावर पाऊल परत वळणे विरळा, तरी वाढीचे वय संपेपर्यंत नजर ठेवावी असे तिला सांगितलेले आहे, आणि ती घाबरली नाही, फक्त नोंद करत होती. आईची यादी मला तेव्हा आठवली.

वेल्ह्यात चहा घेताना भाच्याने मामांना रायगडाची वाट विचारली. तोरण्यावरून मोहरीमार्गे नाळेने, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीने, घाट उतरून रायगडाला पायी जाता येते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. मामा म्हणाले, "जाता येतं की. बोराट्याच्या नाळेनं तुझ्या मावशीला नेऊ नको, तिथं सगळे सुटे धोंडे. सिंगापूरची नाळ बरी." मी विचारले, तिच्यात मुरूम किती. त्यांनी थोडा विचार केला, हाताने हवेत उतार काढून दाखवला आणि म्हणाले, वरचा टप्पा मुरमाचा, खाली मोठे दगड, पाय सपाट बसेल. भाच्याने ते वहीत लिहून घेतले आणि खाली माझ्या बुटांचे दोन नंबर लिहिले.